जादूचं जग मोठं करायचं म्हणजे नक्की काय करायचं? (न्यूटची बॅग, निफ्लर आणि इतर मंडळी)

मृण्मयी_कोथरूड

आधीच सांगते, धागा लांबलाय आणि स्पॉयलर भरपूर आहेत. 'फॅन्टॅस्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टू फाइंड देम' हा हॅरी पॉटरच्याच जगातला, बॅगेत जादूचे प्राणी घेऊन फिरणाऱ्या न्यूटचा सिनेमा ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी पाहून या, धागा कुठे पळून जात नाही.

निमित्त असं की सुट्टीत भाची राहायला आली होती. वय वर्षं आठ. तिने पॉटरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, सिनेमेही पाहिले नाहीत. बाहेर पाऊस, खाली खेळायला जाता येत नाही, म्हणून मी हा लावून दिला आणि शेजारी भाजी निवडत बसले. मनात धाकधूक होती की हिला काही कळणार नाही, दर दोन मिनिटांनी 'हा कोण, तो कोण' सुरू होईल. तसं झालं नाही. पॉटरच्या हेडमास्तरांचं, डंबलडोरचं नाव आलं आणि गेलं, तिने विचारलंही नाही. तिचा प्रश्न एकच होता आणि तो तिने तीनदा विचारला: "मावशी, त्या बॅगेत अजून कोण कोण राहतं?"

मग मला माझाच पहिला खेळ आठवला.

सिनेमा आला १८ नोव्हेंबर २०१६ ला. तारीख नीट बघा. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या होत्या, आणि नेमक्या १८ पासून नोटा बदलून मिळायची मर्यादा साडेचार हजारांवरून दोन हजारांवर आली होती. त्या रविवारी मी आणि धाकटा भाऊ पौड रस्त्यावर एटीएमच्या रांगेत दोन तास उभे होतो. आमच्यापुढे चार माणसं उरली असताना यंत्र रिकामं झालं. सिनेमाची तिकिटं आधीच कार्डावर काढली होती म्हणून ती तरी वाचली. खिशात दोघांत मिळून ऐंशी रुपये.

आणि पडद्यावर काय, तर बँक! जेकब नावाचा एक गोलमटोल गरीब माणूस बेकरीसाठी कर्ज मागायला आलाय, समोरचा साहेब 'तारण काय?' विचारतोय, हा बिचारा आजीच्या पद्धतीने केलेले गोड पदार्थ पेटीतून काढून दाखवतोय. आणि तिकडे तिजोरीत बदकासारख्या चोचीचं, घुशीएवढं काळं जनावर, म्हणजे निफ्लर, नाणी पोटाच्या पिशवीत कोंबतंय. न्यूट त्याला उलटं धरून हलवतो तर नाणी पडतायत, पडतायत, संपतच नाहीत. सगळं थिएटर खदाखदा हसत होतं. मागच्या रांगेतले एक काका मोठ्याने म्हणाले, "याला आमच्या एटीएमला सोडा हो!" इतकं मनापासून हसलेलं थिएटर त्या महिन्यात दुसरं नसेल.

तर मुद्दा. मी पॉटर वाचला फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून. नंबर लावून, आलेलं पुस्तक रात्रभरात संपवून. पहिल्याच पुस्तकात हॅरीला शाळेची जी पुस्तकांची यादी येते, तिच्यात या पुस्तकाचं नाव आहे, लेखक न्यूट स्कॅमँडर. बास, एक ओळ. मग २००१ साली रोलिंगबाईंनी कॉमिक रिलीफच्या मदतीसाठी ते पुस्तक खरंच काढलं. लाल, पातळ, चिठोऱ्यासारखं. गोष्ट अशी त्यात नाहीच. प्राण्यांची नोंदवही म्हणा. एक फुली म्हणजे कंटाळवाणा, पाच फुल्या म्हणजे माणूसमारू, आणि समासात हॅरी-रॉनचा गिचमिड अभ्यास. राक्षसी कोळ्याच्या पाच फुल्यांपुढे रॉनने स्वतःच्या खूप साऱ्या फुल्या वाढवल्यात. तेवढ्या समासातून मला ते दोघं कित्येक प्रकरणांपेक्षा जास्त जवळचे वाटले होते.

त्या नोंदवहीतून सिनेमा काढायचा म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. हे आता धोब्याच्या हिशेबावरही सिनेमा काढतील, असं म्हणाले होते. पण पटकथा बाईंनी स्वतः लिहिली (त्यांची पहिलीच), दिग्दर्शक डेव्हिड येट्स, म्हणजे शेवटचे चार पॉटर ज्याने केले तोच. गाव बदललं, काळ बदलला: १९२६ सालचं न्यूयॉर्क. शाळा नाही, गणवेश नाही, परीक्षा नाही. आणि त्या गावात एक लाजाळू, मान तिरकी करून बोलणारा इंग्रज येतो, ज्याला कुणालाही हरवायचं नाहीये. त्याला अॅरिझोनाला जाऊन एका पक्ष्याला सोडायचंय. एवढंच.

इथे मी विकले गेले. बघा ना, सात पुस्तकं आणि आठ सिनेमे आपण 'निवडलेल्या मुला'च्या मागे फिरलो. भविष्यवाणी, कपाळावरची खूण, आईबापांचा वारसा. आणि हा गडी? हॉगवर्ट्स शाळेच्या हफलपफ गटातला, शाळेतून काढलेला, आणि पोटापाण्याचा धंदा काय, तर जनावरांचं खाणंपिणं बघणं! तो बॅगेत उतरतो तेव्हा पहिल्यांदा कोट काढतो, बाह्या सरसावतो आणि मांसाची बादली उचलतो. जादूच्या जगात कुणीतरी रोज उठून बादल्या उचलतं हे मला तोवर कुणी दाखवलंच नव्हतं. पॉटरमध्ये प्राणी सांभाळणारा हॅग्रिड होता, पण तो कायम गोष्टीच्या कडेला.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की जग मोठं होतं ते त्यात कामाला असलेल्या माणसांमुळे. जादूगारीण क्वीनी कांडीने स्ट्रुडेल लाटते, तो प्रसंग आठवा. कणीक हवेत गुंडाळली जातेय, वर साखर भुरभुरतेय, आणि जेकब, जो स्वतः हाताने मळणारा माणूस आहे, तो बघतोय. कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम बघतो तसा. त्या एका मिनिटात मला अमेरिकेतली जादूगार मंडळी कशी राहतात ते कळलं. त्यांच्या मंत्रालयाच्या मोठमोठ्या जिन्यांवरून नाही कळलं.

आता तक्रारी, कारण मी आंधळी नाही. वर्तमानपत्रवाल्या शॉ बापलेकांचं उपकथानक कशाला आहे ते मला आजतागायत समजलेलं नाही. न्यूयॉर्क उद्ध्वस्त होतं आणि कांड्या फिरवून दोन मिनिटांत पुन्हा उभं राहतं, मग घाबरायचं कशाला? कॉलिन फॅरल इतकं छान काम करतो, आणि शेवटी त्याच्या आतून जॉनी डेप, म्हणजे दुष्ट जादूगार ग्रिंडेलवाल्ड, निघतो. माझ्या भावाचा चेहरा तेव्हा गुलाबजाम फोडल्यावर आत कच्चा निघावा तसा झाला होता. खरं तर हे दोन सिनेमे आहेत: एक प्राण्यांचा आणि एक ग्रिंडेलवाल्डचा. पहिला दुसऱ्याला खांद्यावर घेऊन चालतो आणि कसाबसा पोचतो.

पुढच्या दोन भागांत खांद्यावरचा खाली उतरला आणि मालक झाला. २०१८ चा 'क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड' आठवतो? शेवटाकडे दफनघरात सगळे उभे, आणि कोण कुणाचा भाऊ, जहाजावर कुणाचं बाळ कुणाशी बदललं याची दहा मिनिटं वंशावळ. शेवटी पहिल्या भागातला दत्तक मुलगा क्रीडन्सही डंबलडोर घराण्यातलाच! अरे, जग वाढवायला निघालात ना? सदाशिव पेठ केलीत की! पुण्यात लग्नाच्या पंगतीत कुणाशीही दोन मिनिटं बोललं की तो आपल्या मावशीच्या नणंदेचा दीर निघतो, तसं. पॅरिस काय, न्यूयॉर्क काय, सगळे एकाच वाड्यातले.

भाचीला दुसरा भाग लावून दिला होता. अर्ध्या तासाने ती उठून कॅरम खेळायला गेली. जाताना विचारून गेली, "ती बॅग परत आली की हाक मार."

तुमचं काय मत?

---

निफ्लरची_मावशी

पहिली! वाचतेय. सध्या एवढंच सांगते, मला तो घरी पाळायला हवाय. सासूबाईंच्या लॉकरची किल्ली कुठे असते ते त्यालाच सापडेल.

---

कॅशियरकाका

मृण्मयीताई, जखमेवरची खपली काढलीत.

मी तेव्हा एका सहकारी बँकेत काउंटरला होतो. त्या पंधरवड्यात रात्री साडेअकराच्या आत घरी गेल्याचं आठवत नाही. लोक शाई लावलेलं बोट दाखवत भांडायचे. सिनेमा मी पाहिला जानेवारीत, मुलाच्या लॅपटॉपवर, आणि तो बँकेचा प्रसंग आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही हसत का नाही?" काय हसणार! मला त्या साहेबाची दया येत होती. प्रत्येक सिनेमात बँकवाला खडूस दाखवायचा हे ठरलेलंच. पण त्याची बाजूही बघा. समोरचा डबाबंद खाण्याच्या कारखान्यात कामाला, जामीनदार नाही, कागद नाही, आणि तारण म्हणून पेटी उघडून पाव दाखवतोय. शिवाय यंत्र तासाला शेकड्याने डोनट काढतं तिथे हाताने करणाऱ्याचा धंदा चालेल का, हा प्रश्न त्याने विचारायलाच हवा होता.

शेवटी न्यूट त्याला ऑकमी नावाच्या प्राण्याच्या अंड्यांची टरफलं देतो, शुद्ध चांदीची. प्रसंग फार सुंदर आहे, मान्य. पण चांदीच्या टरफलांवर कर्ज द्यायचं म्हटलं असतं तर आमच्या मॅनेजरसाहेबांनी मूल्यांककाचा दाखला, तीन सह्या आणि अंडं घातल्याची पावती मागितली असती. हलके घ्या.

गंभीरपणे एकच. पैसा आला, बेकरी झाली, पण ती चालते कशामुळे? त्या प्राण्यांच्या आकाराच्या पावांमुळे. जेकबची जादूची आठवण पुसलेली आहे, तरी हात विसरलेले नाहीत. हे कुणी बघितलं का नीट?

---

मृण्मयी_कोथरूड

कॅशियरकाका, 'हात विसरलेले नाहीत'! आठ वेळा पाहिलाय मी हा सिनेमा, आणि हे एवढ्या सोप्या शब्दांत मला एकदाही सुचलं नाही. दंडवत.

---

शंकासुर

धागा आवडला. दोन किरकोळ मुद्दे आणि एक मोठा.

किरकोळ एक. पावसात ज्याची स्मृती पुसली गेली तो जेकब दुसऱ्या भागात हसत हसत परत येतो, कारण म्हणे ते औषध फक्त वाईट आठवणी पुसतं. म्हणजे पहिल्या भागात आपण थिएटरात जे डोळे पुसले ते फुकटच?

किरकोळ दोन. वेशभूषेचा उल्लेख राहिला. कॉलीन अॅटवुड यांना या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, आणि आठ पॉटरपटांना मिळून एकही मिळालेलं नव्हतं. न्यूटचा तो मोरपंखी निळा कोट बघा, बाह्या किंचित आखूड आहेत. वाढत्या अंगाच्या पोराला गेल्या वर्षीचा कोट घातल्यासारखा. निम्मी भूमिका त्या बाह्यांनीच केलीय.

मोठा मुद्दा हॉगवर्ट्सच्या शिक्षिका मॅकगोनागलचा. पाचव्या पुस्तकात बाई तपासणीला आलेल्या अम्ब्रिजला सांगतात की येत्या डिसेंबरात आपल्याला इथे शिकवायला लागून ३९ वर्षं होतील. पुस्तक घडतं १९९५ मध्ये. ९५ वजा ३९, म्हणजे १९५६. आणि दुसऱ्या सिनेमात मॅकगोनागल १९२७ मध्ये हॉगवर्ट्सच्या व्हरांड्यात! बरं, न्यूट शाळेत असतानाच्या आठवणीतही त्या मास्तरीणच. हे गणित चौथीच्या मुलाला जमतं. स्वतःच्याच पुस्तकाशी ज्यांना ताळा जमवता येत नाही त्यांनी जग वाढवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

निफ्लरची_मावशी

शंकासुर, टाइम टर्नर, ते काळात मागे नेणारं यंत्र, असेल हो. सोडा ना एखादं.

---

शंकासुर

सोडणार नाही.

---

खडकमाळ

सगळे एका सुरात गातायत म्हणून मी वेगळा सूर लावतो.

मृण्मयी, तुझं लेखन नेहमीसारखंच छान, पण तू पुढच्या भागांवर अन्याय करतेयस. ग्रिंडेलवाल्डचं वचन काही सिनेमावाल्यांनी दिलेलं नव्हतं. पहिल्या पुस्तकातल्या चॉकलेट फ्रॉगच्या कार्डावर १९४५ सालचा डंबलडोरचा विजय छापलाय. सातव्यात त्या दोघांच्या कोवळ्या वयातल्या मैत्रीची पानंच्या पानं आहेत. २१ जुलै २००७ ला पुस्तक हातात पडल्यापासून मी त्या लढाईची वाट बघत होतो. तूही बघत होतीस, आपण तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर यावरून भांडलोय! मग ती गोष्ट कुणी सांगायला घेतली तर 'मला फक्त बॅग दाखवा' हे कसं चालेल? नुसतं प्राण्यांचं खाणंपिणं बघायचं असेल तर माहितीपट आहेत की.

आणि दुष्टाशिवाय जग मोठं होत नाही. भीती लागते. दुसऱ्या भागातली ग्रिंडेलवाल्डची सभा परत बघ. तो ओरडत नाही, शिव्या देत नाही, उलट हळवं बोलतो. लोकांना पुढच्या महायुद्धाचं दृश्य दाखवतो आणि म्हणतो, हे थांबवायला मला साथ द्या. क्वीनीसारखी प्रेमळ बाई त्याच्याकडे जाते. हे पॉटरमध्ये कधीच नव्हतं. व्होल्डेमॉर्टकडे प्रेमळ माणूस का जाईल? जग असं मोठं होतं.

---

मृण्मयी_कोथरूड

खडकमाळ, कट्ट्यावरचं भांडण इथे काढू नकोस, त्या दिवशीचा चहाही मीच पाजला होता.

सभेच्या प्रसंगाबद्दल मान्य, शंभर टक्के. तो प्रसंग त्या सिनेमातला सर्वात भारी आहे आणि माझ्याकडून उल्लेख राहिला. क्वीनीचं जाणं मला सहन झालं नाही म्हणूनच बहुतेक. पण तू म्हणतोस ती गोष्ट हवी होती तर तिचा सिनेमा डंबलडोरला नायक करून काढायचा. न्यूटला का ओढत न्यायचं? तिसऱ्या भागात बिचारा भूतानपर्यंत जातो आणि तिथे त्याचं काम काय, तर निवडणुकीत बॅगा इकडून तिकडे करणं. तो तिथे फक्त पोस्टरवर नाव आहे म्हणून आहे. त्या भागातसुद्धा न्यूट खरा दिसतो कुठे? तुरुंगात, भावाला घेऊन, खेकड्यासारखी कंबर हलवत चालतो तेव्हा.

---

खडकमाळ

ते चालणं मी लग्नाच्या वरातीत करून दाखवलंय, हे तू लिहिणार नाहीस अशी अपेक्षा होती.

---

मृण्मयी_कोथरूड

मी लिहिलं नाही. तूच लिहिलंस.

---

आकडेमोड

भावनिक चर्चेत जरा रुक्ष भर. पहिल्या भागाची जगभरची कमाई सुमारे ८१ कोटी डॉलर, दुसऱ्याची ६५, तिसऱ्याची ४० च्या आसपास. पाच भाग जाहीर केले होते, तिसऱ्यावर गाडं थांबलं. मध्ये डेप जाऊन मॅड्स मिकलसन आला, महामारी आली, ते सगळं खरं. तरी आधी साधारण पाचवा आणि मग तिसऱ्याहून थोडा जास्त हिस्सा प्रेक्षक 'बॅग परत आली की हाक मार' म्हणत उठून गेला असं म्हणायला हरकत नाही.

---

धामणवाला

इथे फार लिहीत नाही, वाचतो फक्त. पण हा विषय माझा आहे.

मी बावधन-सूस-पाषाण भागात साप पकडतो. म्हणजे नोकरी वेगळी आहे, हे आपलं नोकरी सांभाळून. मृगाचा पाऊस पडला की फोन सुरू होतात, बिळांत पाणी शिरतं ना. संडासात साप, पार्किंगमध्ये साप, गाडीच्या बॉनेटमध्ये साप. दहातल्या सहा-सात वेळा धामण निघते. बिनविषारी, उंदीर खाणारी, तुमचीच सोय करणारी. पण फोनवर आवाज असा, की जणू पाच फुल्यांचं जनावर घरात बसलंय.

मृण्मयीताईंनी फुल्यांचं लिहिलंय तिथे मी थांबलो. मण्यार आणि कवड्या हे दोन साप घ्या. मण्यार भारतातल्या चार मोठ्या विषारींपैकी, कवड्या अगदी निरुपद्रवी. अंगावर दोघांच्याही आडवे पट्टे. फरक असा की कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात, मण्यारचे उलट. एवढं बघायला दोन सेकंद लागतात. तेवढं कुणी थांबत नाही, काठी आधी येते. मी पोचेपर्यंत कित्येकदा कवड्या मेलेला असतो आणि मारणारा अभिमानाने उभा असतो. न्यूट सिनेमाभर पुस्तक का लिहितोय हे मला म्हणून कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता न्यूट झालेल्या नटाबद्दल. एडी रेडमेन. लोक म्हणतात तो कुबड काढून, नजर चुकवून ओव्हर अॅक्टिंग करतो. मला तसं वाटत नाही. जनावराच्या समोर छाती काढून उभं राहायचं नसतं. थोडं तिरकं, अंग लहान करून, डोळ्यांत डोळे न घालता. सवय लागते आणि मग माणसांशी बोलतानाही तसंच होतं. माझी बायको म्हणते, पाहुण्यांशी बोलताना तुम्ही भिंतीकडे बघता. तो गेंड्यासारख्या मादी एरम्पंटपुढे नाचतो त्या प्रसंगाला सगळे हसतात, मीही हसलो. पण त्याला तिचा माजावरचा आवाज माहीत आहे, चाल माहीत आहे, आणि आपण हास्यास्पद दिसू याची त्याला फिकीर नाही. नाहीतर आमच्यातले काही दिवटे! नागाचा मुका घेतानाचे व्हिडिओ टाकतात. त्यातले काही आता नाहीत.

एक तक्रार मात्र आहे. बॅग. वन्यप्राणी असे बाळगणं आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने गुन्हा. न्यूट पुण्यात उतरला असता तर वनखात्याने बॅगेसकट उचलला असता आणि माझी सही साक्षीदार म्हणून असती. पण त्याला माझ्याकडून सूट का, तर तो फ्रँकला सोडायला निघालाय. चोरट्या व्यापाऱ्यांकडून सोडवलेला पक्षी, साखळदंडाच्या जखमा असलेला. शेवटी सोडतो तेव्हा त्याच्या गळ्याला बिलगतो बघा. पकडणं कुणालाही शिकवता येतं. पिशवीचं तोंड उघडून, बाजूला होऊन, ते जनावर मागे वळून न बघता गवतात जाताना बघायचं, याची मला अजून दर वेळी थोडी सवय करावी लागते.

दुसऱ्या भागाबद्दलही लिहायचंय, तो तळघरातला दवाखाना आणि केल्पी या पाण्यातल्या जादूच्या घोड्यावर. उद्या लिहितो.

---

निफ्लरची_मावशी

धामणवाला, या धाग्यावर आता मी काही विनोद करणार नाही. लिहीत राहा.

---

जिलब्यामारुती_शाखा

मी करतो मग.

अमेरिकेच्या जादू-सरकारचं ऑफिस त्यांनी न्यूयॉर्कच्या वूलवर्थ इमारतीत ठेवलंय, तेव्हाची जगातली सर्वात उंच इमारत. १९२६ च्या पुण्यात कुठे ठेवलं असतं? माझं मत कात्रजच्या पेशवेकालीन नळाला. तलावापासून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी बांधकाम, मध्ये मध्ये हवा खेळायला उच्छ्वास, आणि पेठांत जागोजागी हौद. ये-जा करायला याहून बरी सोय कोणती? काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद, झाली तुमची स्थानकं.

नावं तर रोलिंगबाईंना डोकं खाजवून शोधावी लागतात. आपल्याकडे सोट्या म्हसोबा, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, डुल्या मारुती. ही नावं बाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याला वाटेल आपण प्राण्यांची यादीच वाचतोय. 'डुल्या' तर नक्कीच बॅगेत राहणारा वाटतो.

---

शंकासुर

'उपाशी' किती फुल्यांचा?

---

जिलब्यामारुती_शाखा

जेवायच्या आधी पाच.

---

डावखुरी

धागा हसरा झालाय, त्यात हे लिहावं का कळत नव्हतं. लिहिते.

सगळे निफ्लर-न्यूटवर बोलले, क्रीडन्सवर कुणीच नाही. ऑब्स्क्युरस म्हणजे काय, तर ज्या मुलाला आपली जादू लपवायला, दाबायला लावली जाते, मारून, घाबरवून, त्याच्या आत ती काळी होत जाते आणि एक दिवस त्यालाच फाडून बाहेर येते. त्यातली बहुतेक मुलं दहाव्या वर्षापलीकडे जगत नाहीत.

मी डावरी. आजीला ते चालायचं नाही. डाव्या हाताने घास घेतला की हातावर उलथनं बसायचं. शाळेत बाईंनी एक अख्खं वर्ष डावा हात पाठीमागे धरायला लावला होता. शाळेचं नाव घेत नाही, बाई आता नाहीतही. मी उजव्या हाताने लिहायला शिकले. अक्षरही बरं आहे, लोक कौतुक करतात. पण त्या वर्षी मी बोलताना अडखळायला लागले ते कॉलेजपर्यंत गेलं नाही. दोन्हींचा संबंध आहे की नाही ते डॉक्टरांनी सांगावं, मला माझ्यापुरतं माहीत आहे.

स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून क्रीडन्स स्वतःच मारकुट्या दत्तक आईपुढे जाऊन उभा राहतो तो प्रसंग मी थिएटरात पाहू शकले नाही. खाली बघत होते. आणि शेवटी भुयारी स्टेशनात न्यूट रुळांवर वाकून त्याच्याशी ज्या आवाजात बोलतो, तो आवाज तोच आहे, एरम्पंटशी बोलतानाचा. म्हणून मला मृण्मयीचं 'हे दोन सिनेमे आहेत' पटलं नाही. माझ्यासाठी तो एकच आहे.

---

मृण्मयी_कोथरूड

डावखुरी, मी काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच काही लिहिता आलं नाही.

तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. मी चुकले. मी क्रीडन्सला कायम ग्रिंडेलवाल्डच्या खात्यात टाकत आले, कारण पुढच्या भागांनी त्याला तिथे नेऊन बसवलं. पण पहिल्या सिनेमात तो न्यूटच्या यादीतलाच आहे. न्यूटने सुदानमध्ये अशाच एका मुलीला वाचवायचा प्रयत्न केला होता, ती वाचली नाही, आणि तिच्यातलं ते काळं तो बॅगेत जपून ठेवतो. बॅगेच्या एका थंडगार कोपऱ्यात. भाची बघत असताना मी तो भाग पुढे ढकलला होता, घाबरेल म्हणून.

आता वाटतं, ढकलायला नको होता. तिचा प्रश्न तोच होता ना.

---

खडकमाळ

+१. मीही माझा सूर थोडा खाली घेतो. आणि मृण्मयी, शनिवारी सगळे मिळून पुन्हा पाहूया का? प्रोजेक्टर माझ्याकडे आहे. गच्चीवर, पाऊस नसेल तर.

---

कॅशियरकाका

येतो. कॅम्पातून पाव-बिस्किटं मी आणतो. सकाळी रांग लावायची सवय आहे.

---

निफ्लरची_मावशी

मी येते. सासूबाईही येणार म्हणतायत, लॉकरचं वाचलंय त्यांनी.

---

मृण्मयी_कोथरूड

ठरलं. भाचीला परत बोलावते. धामणवाला, तुम्ही तो दवाखान्याचा प्रतिसाद लिहिणार होतात, आणि शनिवारी या.

---

धामणवाला

लिहायलाच बसलो होतो. दुसऱ्या भागात न्यूटच्या तळघरात ती मदतनीस मुलगी आहे, तिच्यापासून सुरुवात करणार होतो, कारण आमच्याकडेही

कॉल आलाय, सूसला. नंतर लिहितो.

---

धामणवाला

धामण होती. सहा फूट. वॉशिंग मशीनच्या मागे. वनखात्याला कळवून सकाळी सोडली. ज्यांच्या घरी निघाली त्यांचा मुलगा सोडताना बघायला आला होता, शाळेच्या कपड्यांत. दोन फुल्या द्या म्हणाला, एक कमी वाटते.

शनिवारी येतो.